दिवाळखोर कंपनीची मालमत्ता विकली जाते तेव्हा शेअरधारकाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला वर्षभर येत असतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. शेअरचे व्यवहार थांबलेले असतात आणि माणूस विचारतो, "आता काय करू?" त्या टप्प्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं विवेचन भारतातल्या २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेला धरून आहे. कंपन्यांसाठी ती १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. सहकारी संस्थांचा मामला वेगळा असतो, तो शेवटच्या प्रश्नात घेतला आहे.

१. कंपनीवर दिवाळखोरीची केस झाली. माझे शेअर त्याच दिवशी रद्द झाले का?

नाही. आधी एक फरक लक्षात घ्या: कुणीतरी अर्ज करणं वेगळं आणि एनसीएलटीनं, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, तो दाखल करून घेणं वेगळं. किमान एक कोटी रुपयांची थकबाकी असेल तर धनको, म्हणजे ज्याचे पैसे कंपनीकडे थकले आहेत तो, अर्ज करू शकतो आणि असे पुष्कळ अर्ज तडजोडीत मिटतात. अर्ज दाखल करून घेतला गेला, की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनल या नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो आणि कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती मिळते.

शेअर तुमच्या नावावरच राहतात. पुढे तीन वाटा फुटतात. थकबाकी मिटली आणि धनको समितीच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या समितीच्या, ९० टक्के मतांनी केस मागे घेतली गेली, तर शेअर जसेच्या तसे राहतात. कुणी नवा मालक रिझोल्यूशन प्लॅन, म्हणजे कंपनी वाचवण्याची योजना, घेऊन आला, तर तुमच्या शेअरचं भवितव्य त्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं (प्रश्न ४). कुणीच आलं नाही, किंवा आलेला प्लॅन मंजूर झाला नाही, तर कंपनी लिक्विडेशनमध्ये जाते आणि मालमत्ता विकून पैसे वाटले जातात (प्रश्न २).

२. मालमत्ता विकून आलेले पैसे कोणाला आधी मिळतात? आमचा नंबर कितवा?

तुमचा नंबर शेवटचा. संहितेच्या कलम ५३ मध्ये रांग ठरवून दिली आहे.

सगळ्यात आधी या प्रक्रियेचा खर्च पूर्ण फेडला जातो. त्यानंतर एकाच पायरीवर दोघं उभे असतात: कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी आणि तारणावरचा स्वतःचा हक्क सोडून या रांगेत आलेले तारणधारक धनको, म्हणजे मुख्यतः बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण वित्तीय कर्ज देणारे. मग सरकारची दोन वर्षांची देणी, आणि त्याच पायरीवर, ज्या बँकेनं आपलं तारण स्वतः बाहेर विकलं तिची उरलेली वसुली. मग बाकीची सगळी देणी. त्यानंतर प्रेफरन्स शेअरधारक (ज्यांना साध्या शेअरधारकांच्या आधी पैसे मिळतात ते) आणि अगदी टोकाला साधे इक्विटी शेअरधारक. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधी या वाटपात धरतच नाहीत. ते पैसे कामगारांचेच.

आकडे घालून पाहू. आकडे कल्पित आहेत. मालमत्ता ५०० कोटींना विकली गेली. खर्च १५ कोटी. उरले ४८५. बँकांचे ६०० आणि कामगारांचे ३५ मिळून ६३५ कोटी. दोघं एकाच पायरीवर असल्यानं रुपयामागे सुमारे ७६ पैसे प्रत्येकाला. पैसे इथंच संपले. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे १० कोटी, विनातारण १००, सरकारचे ६०, पुरवठादारांचे ९० आणि प्रेफरन्सचे २० कोटी, या कुणालाही एक पैसा नाही. तुम्हाला काही मिळायचं तर आधी हे सगळे पूर्ण फिटले पाहिजेत. बेरीज करा: ९३० कोटी. म्हणजे तीच मालमत्ता जवळपास दुप्पट भावानं विकली गेली असती तरी तुमच्या हाती शून्यच. तुमचा हक्क ९३० कोटींच्या पुढच्या पहिल्या रुपयापासून सुरू होतो.

हे ऐकून लोक रागावतात. राग मला कळतो, पण या रांगेत कायद्यानं कुणाला फसवलेलं नाही. कंपनी चालली असती तर बँकेला ठरलेलं व्याज मिळालं असतं आणि वरचा सगळा नफा तुमचा असता. धोका शेवटी तुमच्याकडे येतो तो याच करारापोटी. मला खटकतं ते हे, की शेअर घेताना हा करार कुणी समजावून सांगत नाही.

३. "कंपनीची नुसती जमीनच हजार कोटींची आहे." मग आम्हाला शून्य कसं?

कारण घाईनं विकताना तो भाव येत नाही. बंद कारखान्याची यंत्रं भंगाराच्या जवळपासच्या भावात जातात. जमिनीवर तारण, वाद, जुने भाडेपट्टे, औद्योगिक वसाहतीच्या अटी असतात. येणी कागदावर दिसतात, पण बुडत्या कंपनीचे पैसे द्यायला देणेकरी तयार नसतो. ब्रँडला चालू दुकानात किंमत असते, कुलूप लागलेल्या दुकानात नाही.

व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज मूळची औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची. गटातल्या १३ कंपन्यांवर मिळून ६४ हजार कोटींहून अधिक दावे होते. जून २०२१ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई पीठानं मंजूर केलेल्या योजनेतली रक्कम होती सुमारे २,९६२ कोटी. साडेचार टक्के! पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती मंजुरी रद्द केली. ज्या ठिकाणी धनकोंना रुपयामागे पाच पैसेही दिसत नव्हते, तिथं शेअरधारकासाठी काय उरणार?

म्हणून ताळेबंदातली मालमत्ता भागिले शेअरची संख्या, असा हिशोब आजारी कंपनीसाठी करू नका. मालमत्तेच्या आकड्याआधी दाव्यांचा आकडा शोधा. रिझोल्यूशन प्रोफेशनल धनकोंची यादी जाहीर करतो, ती पाहायला मिळते.

४. मोठ्या उद्योगसमूहानं कंपनी विकत घेतली. आता शेअर चढणार ना?

सगळ्यात जास्त पैसे याच समजुतीनं बुडाले आहेत, म्हणून इथं थोडा थांबतो.

नवा मालक कंपनी घेतो, तुमचे शेअर घेत नाही. तो पैसे देतो धनकोंना. त्या बदल्यात त्याला स्वच्छ कंपनी हवी असते, म्हणून बहुतेक प्लॅनमध्ये जुनं भागभांडवल रद्द करण्याचं किंवा अगदी थोडं उरवण्याचं कलम असतं. कंपनी वाचते, कामगार वाचतात, नाव वाचतं. जुना शेअरधारक वाचेलच असं नाही.

डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिला एनसीएलटीकडे पाठवलं. या मार्गानं गेलेली ती पहिली वित्तीय कंपनी. पिरामल समूहाचा प्लॅन एकूण ३७,२५० कोटींचा होता आणि ७ जून २०२१ रोजी तो मुंबई पीठानं मंजूर केला. जुन्या शेअरची किंमत त्यात शून्य धरली होती. तरी बातमी आल्यावर शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, गेला आणि लोकांनी तो विकत घेतला. आठवडाभरात, १४ जूनपासून, व्यवहार थांबले. प्लॅनला दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथंही प्लॅन कायम राहिला. रिलायन्स कॅपिटलमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये हिंदुजा समूहाच्या कंपनीचा सुमारे ९,६५० कोटींचा प्लॅन मंजूर झाला, तिथंही जुन्या शेअरधारकांच्या वाट्याला शून्यच आलं.

दुसरी बाजूही खरी आहे. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलनं घेतली. वित्तीय धनकोंना ३५,२०० कोटी मिळाले, टाटांकडे ७२.६५ टक्के हिस्सा गेला, पण जुने शेअर रद्द झाले नाहीत. त्यांचा हिस्सा आकसला एवढंच. २०२१ मध्ये विलीनीकरण झालं तेव्हा १५ शेअरमागे टाटा स्टीलचा एक शेअर मिळाला. आलोक इंडस्ट्रीजमध्ये रिलायन्स आल्यावरही जुने शेअर बाजारात राहिले.

तेव्हा "कोणी घेतली" हे विचारू नका. "विद्यमान इक्विटी भागभांडवलाचं काय करणार" हे विचारा. मंजूर प्लॅनचा तपशील कंपनीला बीएसई आणि एनएसईकडे जाहीर करावा लागतो. त्यात भांडवल घटवणं, शेअर रद्द करणं, डिलिस्टिंग (शेअर बाजाराच्या यादीतून काढणं) हे शब्द शोधा. ते कलम वाचल्याशिवाय एकही शेअर घेऊ नका.

५. रुची सोयाच्या शेअरधारकांना तर लॉटरी लागली होती. तसं आमच्या शेअरचं होणार नाही का?

रुची सोयाची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पतंजलीनं २०१९ मध्ये ती ४,३५० कोटींना घेतली. प्लॅनप्रमाणे जुन्या १०० शेअरचा एक शेअर झाला. जानेवारी २०२० मध्ये नवा शेअर सुमारे १७ रुपयांवर बाजारात आला आणि जूनअखेर दीड हजारांच्या वर गेला.

आता जुन्या शेअरधारकाच्या नजरेनं पाहा. त्याचे १,००० शेअर होते, उरले १०. अगदी शिखरावर विकले तरी १५ हजार, म्हणजे जुन्या शेअरमागे १५ रुपये. तेवढा भावही का चढला? कारण जनतेकडे जेमतेम एक टक्का शेअर उरले होते आणि विकायला कुणाकडे मालच नव्हता. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं जनतेला नवे शेअर विकले ते ६५० रुपयांना.

या प्रकरणानंतर जून २०२१ मध्ये नियम बदलले: दिवाळखोरीतून बाहेर पडून पुन्हा सूचीबद्ध होणाऱ्या कंपनीत जनतेचा किमान ५ टक्के हिस्सा हवा, वर्षभरात १० टक्के आणि तीन वर्षांत २५ टक्के. तसली टंचाई आता सहजासहजी होणार नाही.

६. शेअरची खरेदी-विक्री अजून चालू आहे. म्हणजे काहीतरी जीव आहे ना?

व्यवहार चालू असण्याचा अर्थ इतकाच, की शेअर बाजारानं ते अजून थांबवलेले नाहीत. दिवाळखोरीतल्या कंपन्यांवर बाजाराची जादा देखरेख असते: भावाची मर्यादा अरुंद, पूर्ण मार्जिन (सगळी रक्कम आधीच भरणं), आणि घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही. दोन-तीन रुपयांचा शेअर पाच टक्क्यांनी रोज चढताना दिसतो, तो बऱ्याचदा थोड्याशा उलाढालीवर. "अजून किती खाली जाणार?" असं म्हणून असे शेअर घेणारे मला भेटतात. दोन रुपयांवरून शून्यावर गेलं तरी नुकसान शंभर टक्केच असतं.

माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ग्रॅच्युइटीतले पैसे अशाच एका शेअरमध्ये "सरासरी खाली आणायला" घातले, तीन वेळा. त्यांना त्या काळात कुणी एक कलम वाचून दाखवलं असतं तर ते पैसे वाचले असते. ही उत्तरं लिहायला मी बसलो तो त्यांच्यामुळे.

७. कंपनीचे मालक आम्ही. आम्हाला मत का नाही?

कंपनी धडधाकट असताना मोठी मालमत्ता विकायला शेअरधारकांचा विशेष ठराव लागतो. दिवाळखोरीत ती सत्ता धनको समितीकडे जाते. नेहमीच्या व्यवहाराबाहेरची मालमत्ता विकायची किंवा प्लॅन मंजूर करायचा तर समितीच्या ६६ टक्के मतांची गरज असते, आणि मतं कर्जाच्या प्रमाणात मोजतात. प्लॅन राबवायला कंपनी कायद्याप्रमाणे शेअरधारकांची संमती लागत असेल, तर ती दिली आहे असंच संहिता धरून चालते.

अपिलाची वाट आहे, मुदत ३० दिवसांची आणि फार तर १५ दिवस वाढवून मिळते. पण "आम्हाला शून्य मिळालं" एवढ्या कारणावर प्लॅन उलटत नाही. धनको समितीच्या व्यावसायिक निर्णयात न्यायालयानं शिरायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एस्सार स्टीलच्या नोव्हेंबर २०१९ च्या निकालात ठामपणे सांगितलं आहे.

८. मग सेबी, ही शेअर बाजाराची नियामक संस्था, काय करते? छोट्या शेअरधारकाला काहीच संरक्षण नाही का?

संरक्षण आहे, पण गणितात विरून जातं. एरवी डिलिस्टिंग करताना जनतेला बोली प्रक्रियेतून भाव द्यावा लागतो. २०१८ पासून रिझोल्यूशन प्लॅनखाली होणाऱ्या डिलिस्टिंगला त्यातून सूट आहे. अट एवढीच, की शेअरधारकाला लिक्विडेशन मूल्यातून, कलम ५३ ची रांग फेडून, जे उरेल त्याहून कमी देऊ नये, आणि प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी उभारून तिचा ताबा ठेवणाऱ्या मूळ मालकांना, जितकं मिळेल त्याहून कमी देऊ नये. रांग फेडून उरतं काय, ते प्रश्न २ मध्ये पाहिलंच. कमीत कमी भाव शून्य निघाला, की शून्य देणं कायदेशीर ठरतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीनं एक प्रस्ताव चर्चेला ठेवला होता: नवा मालक ज्या भावानं शेअर घेतो, त्याच भावानं जुन्या जनता-शेअरधारकांनाही नव्या कंपनीत २५ टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची संधी द्यावी. मला हा मार्ग न्याय्य वाटतो. फुकट काही मागितलेलं नाही, नव्यानं पैसे घालायची मुभा मागितली आहे. धनकोंचा एक रुपयाही त्यात कमी होत नाही.

९. शेअरधारकाला खरोखर पैसे मिळाल्याची परिस्थिती कोणती?

कंपनी दिवाळखोर नसताना, सगळी देणी फेडण्याची क्षमता असल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन स्वेच्छेनं गुंडाळली जाते, तेव्हा उरलेली रक्कम शेअरधारकांनाच मिळते. दुसरी परिस्थिती केस मागे घेतल्याची (प्रश्न १). तिसरी, प्लॅनमध्येच जुन्या शेअरला जागा ठेवल्याची (प्रश्न ४). पूर्ण दिवाळखोर कंपनीच्या लिलावातून इक्विटीपर्यंत पैसे पोचणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

१०. प्रवर्तकानं पैसे पळवले. त्याची मालमत्ता विकून आमचे पैसे द्यायला नकोत?

भावना बरोबर आहे, पण पैसा तुमच्याकडे येत नाही. प्रवर्तकानं वैयक्तिक हमी दिली असेल तर ती बँकेला दिलेली असते. किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्जापोटी विजय मल्ल्यांचे युनायटेड ब्रुअरीजमधले शेअर जून २०२१ मध्ये विकले गेले, सुमारे ५,८०० कोटी आले, आणि ते बँकांना गेले. किंगफिशरच्या शेअरधारकांना त्यातून काही नाही. गैरव्यवहार सिद्ध होऊन कंपनीकडे पैसे परत आले तरी वाटप प्रश्न २ मधल्या रांगेनंच होतं किंवा प्लॅनमध्ये ठरल्याप्रमाणे.

११. कंपनीचं कर्ज माझ्या अंगावर येईल का?

नाही. शेअरची रक्कम पूर्ण भरलेली असेल तर तुमचं नुकसान तिथंच थांबतं. जुना लाभांशही कुणी परत मागत नाही. अपवाद एकच: शेअर अंशतः भरलेले असतील, तर न भरलेली रक्कम लिक्विडेटर मागू शकतो. राइट्स इश्यूत (जुन्या शेअरधारकांना दिलेल्या नव्या शेअरच्या विक्रीत) असे शेअर घेतले असतील तर तपासा.

१२. त्याच कंपनीत माझी ठेव किंवा डिबेंचरही (कर्जरोखे) आहेत. तेही गेले का?

तिथं तुम्ही धनको आहात, रांगेत बरेच पुढे. ठेवीदारानं जाहीर नोटिशीतल्या मुदतीत दावा दाखल करायलाच हवा. डिबेंचरधारकांच्या वतीनं साधारणपणे डिबेंचर ट्रस्टी, म्हणजे त्यांचं हित पाहायला नेमलेला विश्वस्त, दावा करतो, तरी त्याच्याकडून खात्री करून घ्या. डीएचएफएलमध्ये ठेवीदारांना पूर्ण नाही, पण काही भाग मिळाला, शेअरधारकांना शून्य. शेअर म्हणजे कर्ज नव्हे, म्हणून शेअरच्या जोरावर धनको म्हणून दावा करता येत नाही.

१३. शेअर डीमॅटमध्ये अजून दिसतात. विकता येत नाहीत. तोटा करात दाखवता येईल का?

व्यवहार थांबलेले असतील किंवा कंपनी लिक्विडेशनमध्ये अडकली असेल, तर शेअर खात्यात वर्षानुवर्षं तसेच दिसू शकतात. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. लिक्विडेशनचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला तो ७ नोव्हेंबर २०२४ रोजी. साडेपाच वर्षं मध्ये गेली.

कराच्या दृष्टीनं सगळ्यात सरळ वाट म्हणजे बाजार चालू असतानाच विकणं: भाव कितीही असो, तोटा निर्विवाद नोंदला जातो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो आणि विवरणपत्र वेळेत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. शेअर प्लॅनखाली रद्द झाले तर मुद्दा वादाचा होतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भांडवल घटवण्यातून झालेला तोटा ग्राह्य धरला, पण त्या प्रकरणात काही मोबदला मिळाला होता. मोबदला शून्य असेल तर आयकर अधिकारी आक्षेप घेऊ शकतात. रक्कम मोठी असेल तर एनसीएलटीच्या आदेशाची प्रत घेऊन सीएकडे जा.

१४. आमच्या सहकारी साखर कारखान्याचा लिलाव झाला. वडिलांच्या नावे शेअर आहेत. आम्हाला काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न गावोगाव आहे, आणि वरची उत्तरं त्याला लागू होत नाहीत. सहकारी कारखाना ही कंपनी नाही, म्हणून तो एनसीएलटीकडे जात नाही. असे बरेच कारखाने बँकेनं २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाचं तारण बँकेला थेट विकू देणारा कायदा) तारण म्हणून ताब्यात घेऊन विकले. त्या विक्रीत सभासदाला मत नसतं. कर्ज फिटून काही उरलं तर ते संस्थेकडे येतं, सभासदाच्या घरी येत नाही.

संस्था अवसायनात निघाली, म्हणजे कायमची गुंडाळायला काढली, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली अवसायक नेमला जातो. तो आधी देणी फेडतो. भाग परत करण्याइतकं काही उरलं, तर ते भरलेल्या रकमेपुरतं. कारखान्याच्या जमिनीला आज कोटींचा भाव असला तरी वाढीव किमतीत सभासदाचा वाटा नाही. शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटायची नाही, असं हाच कायदा सांगतो. ज्यांनी उसाच्या बिलातून कपात सोसून हा कारखाना उभा केला, त्यांना हे ऐकवताना मला वाईट वाटतं.

तरीही दोन कामं करा. वडील हयात नसतील तर वारसनोंद करून घ्या; सभासदत्वाचा पुरावा नसेल तर कपातीच्या जुन्या पावत्या आणि भागाचं प्रमाणपत्र शोधा. आणि अवसायक नेमला असेल तर त्याच्याकडे लेखी अर्ज करून विक्रीची रक्कम, फेडलेली देणी आणि शिल्लक यांचा हिशोब मागा. परतावा भागापुरताच असेल, पण ऊस घातल्याचं थकीत बिल ही वेगळी गोष्ट आहे. त्या बिलापुरते तुम्ही सभासद नसून धनको आहात, आणि तो दावा वेगळा करायचा असतो.